बंडीला बाह्या का नसतात

गळ्याशप्पथ सांगते, ओरडून सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. (माझ्या गळ्यावर विश्वास नसेल, तर तुमच्या गळ्याशप्पथ.)

जगात चूक अशी नसतेच. असते ती फक्त अजून नाव न मिळालेली वस्तू. नाव मिळालं की तिचीच रीत होते, आणि रीतीचा अर्थ शोधायला माणसं नेमता येतात. 'बंडी' हा शब्द असाच जन्मला, आमच्या घरात, सकाळच्या चहाला.

माझे सासरे, मामंजी, शिंपी. कचेरीचे सगळे कपडे तेच शिवत. घरची चूल त्यावरच पेटायची. त्या दिवशी मोठे साहेब सदरा न्यायला येणार होते. अंग शिवून तयार, बाह्या तेवढ्या कापून टेबलावर. सासूबाईंनी त्या उचलल्या, घडी घातली आणि उकळतं पातेलं उतरवलं. (चहा छान झाला होता.)

"अगं, त्या साहेबांच्या बाह्या!"

"मग साहेबांना म्हणावं, पातेलं तुम्ही उतरवा."

दोन्ही बाह्या काळ्याकुट्ट, कापड संपलेलं, आणि साहेब दारात. त्यांनी सदरा चढवला, दंडांकडे बघितलं.

"बाह्या कुठायत हो?"

कचेरीचं काम गेलंच म्हणून मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं. तरी म्हणाले, "ही बंडी, साहेब."

"बंडी म्हणजे?"

"बाह्या नसतात ती. आपल्याला माहीत असेलच."

माहीत नाही म्हणायची मोठ्या साहेबांना मुभा नसते. "हो हो, माहितेय की!"

पण शब्द कचेरीत शिरला की त्याचा अर्थ नि उगम ठरवावाच लागतो. तीन विद्वानांची समिती बसली. एक म्हणाले, शब्द अतिप्राचीन. दुसरे म्हणाले, समुद्रापलीकडचा. तिसरे घोरत होते. ते एकमत धरलं. पाहणीत दर दहा माणसांमागे अकरा जण म्हणाले, आम्ही लहानपणापासून बंडीच घालतो. निष्कर्ष निघाला: शब्द पूर्वजांनी तयारच ठेवला होता, कपड्याला यायला उशीर झाला. सबब, बाह्या हे अज्ञानाचं लक्षण समजावं.

सोमवारी अख्खी कचेरी उघड्या दंडांनी कामावर. (थंडी वाजल्यास 'अभिमानाने काटा आला' म्हणावे, असं परिपत्रकच निघालं.) मामंजींचं काम टिकलं, उलट वाढलं, सगळ्यांच्या बाह्या उसवायच्या होत्या ना!

आता यात एकच गोष्ट माझ्या पदरची, ती म्हणजे शब्दाचा जन्म. बंडी हा शब्द आधीपासूनच होता. मामंजी रोज बंडीच घालायचे, त्या सकाळीसुद्धा. साहेबांच्या अंगातही सदऱ्याखाली तीच होती.

आणि तुमच्याही कपाटात असेल एखादी, तरी इथवर माना डोलावत आलात. उद्या चारचौघांत सांगालच हे. तेव्हा माझं नाव घेऊ नका हं, 'जाणकार सांगतात' म्हणा.