उशीच्या बरोब्बर वर

संकुलाच्या व्यवस्थापनानं नीट ऐकून घ्यावं. भाऊंच्या गाद्यांच्या दुकानात जे झालं, ते तुम्ही केलंत. भाऊंनी नाही, वहिनींनी नाही आणि त्या ड्रायव्हर आजोबांनी तर मुळीच नाही. तुमचा एक नियम म्हणतो, प्रत्येक दुकानात संकटाच्या वेळची सूचना ऐकू आलीच पाहिजे, तेव्हा स्पीकर लावा. दुसरा म्हणतो, छताखाली काही लोंबता कामा नये आणि दिसताही कामा नये. तिसरा म्हणतो, खोट्या छताच्या वरची चार बोटं जागा दुकानदाराची, त्यापुढं आमचे एसीचे नळ. म्हणजे स्पीकर हवा, पण तो खालीही नको आणि वरही नको. हे तिन्ही नियम एकाच माणसानं लिहिले असतील, तर त्याच्या घरच्यांची दया येते.

वर धमकी काय, तर तपासणीत सही मिळाली नाही की दुकानाचा करार संपला. सामान उचला आणि चालू लागा.

भाऊ आणि वहिनी चालू लागून जाणार कुठं? त्यांचं सगळं आयुष्य त्या लांबट खोलीत होतं. दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येक पलंगावर वेगळी गादी, स्वच्छ चादर, एक उशी. टोकाला वहिनींचं काउंटर. भाऊ गाद्या विकायचे आणि वहिनी भाऊंना आवरायच्या. दुकान चालत होतं ते या दोन कामांवर.

तर भाऊ वहिनींना घेऊन स्पीकरच्या दुकानात गेले. विक्रेत्यानं मोठ्या अभिमानानं एक पातेल्याएवढा स्पीकर पुढं ठेवला.

"मागून किती खोल आहे?" भाऊंनी विचारलं.

"जेवढा खोल तेवढा घुमतो, साहेब. ऐकून तर बघा!"

भाऊंनी स्पीकरच्या पोटाला चार बोटं लावली. स्पीकर बोटांच्या बराच पुढं गेला. "नाही जमणार. पातळ दाखवा."

"पातळ म्हणजे कसा?"

"आमचं लग्न झालं तेव्हा हे होते तसा," वहिनी म्हणाल्या.

विक्रेत्यानं आतून ताटलीसारखा स्पीकर आणला. मागं डबा नाही, पुढं चौकट नाही, नुसती पांढरी जाळी. "हा एकदा छतात बसला की तुम्हालाच शोधावा लागेल," तो म्हणाला.

"वाजवा," भाऊ म्हणाले आणि चपला काढून दुकानाच्या फरशीवर आडवे झाले.

"अहो साहेब! काय होतंय? पाणी आणू?"

"काही होत नाही त्यांना," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "ते सगळं झोपूनच बघतात. घर घेतलं तेव्हाही आधी फरशीवर पडून बघितलं होतं. तुम्ही स्टुलावर चढा आणि तो वर धरा."

विक्रेता स्टुलावर चढला. बाकीची गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून भोवती जमली. भाऊंनी डोळे मिटून बासरीचा एक अख्खा तुकडा ऐकला. कुणीतरी हळूच "आहेत ना?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हाच द्या. हा कानात पडतो, अंगावर पडत नाही."

आता जो माणूस स्पीकर झोपून निवडतो, तो लावतानाही उभ्या माणसाचा विचार करणार नाही, हे उघड होतं. वायरमननं छत मोजून खुणा केल्या. भाऊंनी त्या पुसल्या.

"भाऊ, दुकानात स्पीकर सारख्या अंतरावर लावतात. म्हणजे सगळीकडं सारखा आवाज जातो."

"माझं गिऱ्हाईक सगळीकडं नसतं. ते उशीवर असतं. उशीच्या बरोब्बर वर लाव."

"मी इतकी वर्षं स्पीकर लावतोय..."

"आणि मी इतकी वर्षं झोपतोय," भाऊ म्हणाले.

वायरमननं शिडी पहिल्या उशीपाशी सरकवली. प्रत्येक उशीच्या वर एकेक जाळी बसली. आवाज असा जुळवला, की वाटेत उभ्या असलेल्याला नुसती कुजबुज यावी आणि उशीवर डोकं टेकलं की बासरी कानात उतरावी. काउंटरवर सूचनेसाठी माइक आला. त्याचं बटण एकदा दाबलं की आतच राहतं, पुन्हा दाबलं तरच सुटतं, हे वायरमननं जाताना सांगितलं होतं. पण भाऊ तेव्हा आडवे होते आणि वहिनी त्यांना उठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बऱ्यापैकी गर्दी होती. एक नवरा-बायको, एक जाडजूड वकील आणि कोपऱ्यातल्या पलंगावर एक निवृत्त बसड्रायव्हर आजोबा, सगळे आपापल्या गादीवर आडवे होऊन बघत होते. भाऊही बासरीचा आवाज तपासायला एका पलंगावर टेकले आणि तपासता तपासता घोरू लागले. वहिनींनी काउंटर पुसताना माइकचं बटण नकळत दाबलं. मग त्या भाऊंना, रोज रात्री म्हणतात तेच, तशाच सुरात म्हणाल्या, "अहो, घोरताय किती! कुशीवर व्हा बघू."

छतातून आवाज आला. सगळं दुकान एकदम कुशीवर झालं. वकीलसुद्धा.

नवरा-बायको हसत हसत उठले. वकील चिडून उठला, "मी घोरत नव्हतो!" असं छताकडं बघून म्हणाला आणि बूट घालू लागला. उठले नाहीत ते फक्त आजोबा. ते दिवेलागण होईपर्यंत गाढ झोपले. जागे झाले तेव्हा वहिनी ओशाळून समोर उभ्या होत्या.

"आजोबा, माफ करा हं. ते मी यांना म्हणत होते."

आजोबांनी उशीवरून हात फिरवला. "आमची ही गेल्यापासून मला कुणी कुशीवर व्हा म्हटलं नव्हतं, पोरी. रात्रभर उताणा पडून पंखा बघत असतो." मग बूट पायात सरकवत म्हणाले, "गादी घ्यायची ऐपत नाही माझी. उद्या येऊन नुसता पडलो तर चालेल?"

"चालेल की! नमुन्याचं गिऱ्हाईक लागतंच आम्हाला," भाऊ म्हणाले. असलं काही लागत नाही, हे वहिनींना माहीत होतं. त्यांनी आजोबांच्या उशीचा अभ्रा सारखा केला.

मग आजोबा रोज दुपारी यायचे. बूट पलंगाखाली नीट जोडून ठेवायचे, रुमाल घडी करून उशीशेजारी ठेवायचे. वहिनी आपण होऊन बटण दाबायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आजोबा, कुशीवर व्हा." बाकीची गिऱ्हाइकंही वळायची. कितीतरी गाद्या त्या एका वळण्यावर खपल्या.

आणि मग तपासणीला तुमचे साहेब आले. भर दुपारी, आजोबांना नुकता डोळा लागलेला असताना.

साहेबांनी मान वर करून अख्खं छत पाहिलं. "स्पीकर कुठं आहेत?"

"वरच आहेत, साहेब."

"मला दिसत नाहीत."

"दिसता कामा नयेत असा तुमचाच नियम आहे."

"दिसत नाहीत तर मी आहेत असं कसं लिहू?"

"आणि दिसले असते तर काय लिहिलं असतं?" वहिनींनी विचारलं.

"नियम मोडला असं लिहिलं असतं. वाद घालू नका. आवाज मोठा करा आणि सूचना वाचून दाखवा. मला इथं, दारात ऐकू आली पाहिजे."

भाऊंचा हात आवाजाच्या बटणाकडं गेला. दुकान होतं, करार होता, सगळं त्या एका बटणावर आलं होतं. वहिनींनी तो हात वरच्यावर धरला.

"आजोबा झोपलेत."

"अगं, सही नाही मिळाली तर..."

"झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर भोंगा वाजवायचा आणि मग गाद्या विकायच्या? कुणाला तोंड दाखवणार आहात?"

भाऊंनी साहेबांकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या बुटांकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. "साहेब," ते म्हणाले, "आवाज नाही वाढवता येणार. तुम्हीच आडवे व्हा."

"काय?"

"सूचना उशीवर ऐकू येते. झोपलेल्यालाच तर सावध करायचं असतं ना? जागा माणूस आग बघून आपला आपण पळतो."

साहेबांना यातली चूक सापडेना. ते कुरकुरत बूट काढून मधल्या पलंगावर, नवीन आलेल्या गादीवर पडले, कागदांची फाइल छातीवर घेऊन. बासरी चालू होती. वहिनींनी माइक तोंडाशी धरला आणि तुम्हीच पाठवलेली सूचना वाचली, पण आजोबा दचकू नयेत म्हणून अगदी मऊ आवाजात.

"कृपया लक्ष द्या. घाबरून जाऊ नका. सगळं ठीक होईल. धावपळ न करता शांतपणे बाहेर पडा."

कोपऱ्यात आजोबा उठून बसले. त्यांनी बूट घातले, रुमाल खिशात ठेवला, धावपळ न करता शांतपणे दारापर्यंत गेले आणि बाहेर उभे राहून आत विचारलं, "सगळे आले का?"

सगळे आले नव्हते. साहेब "घाबरून जाऊ नका" याच्या पुढं जागे नव्हते. तोंड उघडं, फाइल छातीवर वर-खाली होतेय, आणि घोरणं असं की भाऊ कौतुकानं बघत राहिले.

"बिचारे," वहिनी म्हणाल्या. "घरी झोपायला मिळत नसेल." आणि सवयीनं माइकमध्ये म्हणाल्या, "साहेब, कुशीवर व्हा."

साहेब कुशीवर झाले. दुकान बंद करायच्या वेळी त्यांना उठवलं, तेव्हा गालावर उशीच्या शिवणीचा ठसा होता. ते सही न करताच, बुटांचे बंद न बांधता निघून गेले.

मग तुमचं पत्र आलं. "स्पीकर आढळले नाहीत. सूचना दिल्यावरही आमचे अधिकारी दुकानाबाहेर पडले नाहीत, सबब सूचना ऐकू येत नाही. करार वाढवता येणार नाही." भाऊ ते पत्र घेऊन पलंगावर आडवे झाले. पहिल्यांदाच त्यांना झोप लागली नाही.

त्याच रविवारी साहेब परत आले. घरच्या कपड्यांत, बायकोला घेऊन. तपासणीला नाही, गादी घ्यायला. मधल्या पलंगावर पडले, छताकडं बघितलं आणि हळू आवाजात वहिनींना म्हणाले, "ते त्या दिवशीचं, शेवटचं, पुन्हा एकदा म्हणाल का? हिला ऐकवायचंय."

वहिनी म्हणाल्या. साहेब वळले. साहेबांची बायकोही वळली. आजोबा तर आधीच वळलेले होते.

तेव्हा आता तुम्हीच सांगा. छतात स्पीकर नाहीत आणि सूचना कुणाला ऐकूच येत नाही, तर तुमचा अधिकारी गाढ झोपेत कुशीवर वळला तो कुणाचं ऐकून? उत्तर द्या. लेखी द्या. आणि दुपारी आणून द्यायचं असेल तर जरा हळू पावलांनी या, आजोबा झोपलेले असतात.