इस्माईलचाचांचं पोहणी मंडळ

इस्माईलचाचांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही की गाव. नाते गावच्या शाळेत रुजू व्हायला मी एसटीतून उतरले, तोच पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी आणि गळ्यात शिट्टी असे एक गृहस्थ समोर उभे राहिले.

"बाई, पवायला येतं काय?"

"नाही."

"मग चार वाजता डोहावर या."

"उद्यापासून बघते," मी आपलं काहीतरी म्हटलं.

"उद्या नाय. आज," एवढं बोलून ते निघूनही गेले.

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. पोलादपूरच्या एका लग्नात त्यांनी तो स्टेजवर चढून नवरीला विचारला. तिनं मान हलवली, तसे सासूकडे वळून म्हणाले, "मे महिन्यात पाठवा हिला. तुमी पन या."

चाचा वीस वर्षं आखातातल्या एका बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होते. तिकडून आलेली महाडची माणसं घर बांधत, ट्रक घेत. चाचांनी पोहणी मंडळ काढलं. नोंदणीच्या अर्जावर संस्थेचा उद्देश लिहायचा होता. त्यांनी लिहिलं, 'बाईमाणूस पाण्यावर राहावं.' कारकून म्हणाला, "एवढ्यानं भागत नाही चाचा, अजून लिहा." त्यांनी खाली लिहिलं, 'पोरीसुद्धा.'

पाऊस संपला की मे अखेरपर्यंत गांधारी नदीच्या डोहावर मंडळाचे वर्ग चालत. चाचा काठावरच्या खडकावर काठी घेऊन बसत. परक्या बाईला ते हात लावत नसत. जुन्या पोरी नव्या पोरींना धरत आणि चाचा वरून ओरडत.

त्याआधी कोरडा सराव. एकदा शाळा सुटल्यावर आम्ही तिघी शिक्षिका वर्गातल्या बाकांवर पालथ्या पडून पाय मारत होतो. चाचा शिट्टी फुंकत होते, "गुडघा नाय बाई! मांडीतून, मांडीतून!" तेवढ्यात दारात विस्तार अधिकारी उभे. शाळा तपासायला न कळवता आले होते. चाचांनीच वळून विचारलं, "साहेब, पवायला येतं काय?"

साहेबांना येत नव्हतं. चौथा बाक रिकामाच होता.

वरच्या वाड्यांवरून मात्र पोरी मिळत नसत. चाचा चढ चढून जात, ओट्यावर बसून राहत. एकदा मी सोबत होते. एक म्हातारी फणकारली, "आमच्या पोरी काय मासे हायत काय रे?"

"मासा बुडत नाय गो आये," चाचा म्हणाले. आणि काठीनं ओट्याखालची माती उकरत राहिले. म्हातारीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आत वळून नातीला हाक मारली.

चाचा पोरींसाठी असे चढ का चढतात ते मला पुढे महाडला त्यांच्या घरी कळलं. मंडळाच्या कागदावर सही घ्यायला गेले होते. चाचा बाहेर होते. हमीदाचाचींनी चहा दिला. त्या कधी डोहावर येत नसत. मी सहज म्हटलं, "चाची, तुम्ही का नाही येत?"

चाची कपाकडे बघत बोलायला लागल्या. "आमची नसीम अकरा वर्षांची होती. कपडे धुवायला गेलो होतो. तिची ओढणी व्हावत चालली, ती धरायला गेली. हे तिकडं बोटीवर. दर सुट्टीला ती मागं लागायची, अब्बा, मला पवायला शिकवा. दोन महिन्यांची सुट्टी, शंभर कामं. हे म्हनायचे, पुढच्या सुट्टीत. मी काठावरच होते, बाई. मला येत नव्हतं. आमी दोघं त्यावर कधी बोललोच नाय. ते नदीवर गेले, मी घरात बसले."

मी सही न घेताच परतले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातली एक दुपार. बायकांचा वर्ग चालू होता. रिक्षा थांबली आणि चाची उतरल्या. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. चाचा खडकावरून उठले. आम्ही सगळ्या पाण्यात होतो तिथंच थांबलो.

"मला शिकवा," चाची म्हणाल्या.

चाची पायऱ्या उतरून पाण्यात आल्या. गुडघाभर पाण्यात त्या थबकल्या. त्यांना धरायला नेहमीप्रमाणे जुन्या पोरींतली सुनंदा पुढे झाली.

"तू ऱ्हा. मी धरतो," चाचा म्हणाले. ते लुंगीसकट पाण्यात उतरले. त्यांनी चाचींना पाठीवर आडवं केलं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. चाचींनी डोळे घट्ट मिटले होते, ओठ हलत होते. एवढा आरडाओरडा करणारा माणूस, पण त्यांचा आवाज आम्हाला जेमतेम ऐकू आला.

"सोडू?"

"एवढ्यात नको."

चाचांनी सोडलं नाही. वर्गाची वेळ संपली. आम्ही बाहेर आलो, केस पिळले, कपडे बदलले. निघताना मी वळून पाहिलं, तर दोघं अजून तशीच पाण्यात होती.