रविवारी सुट्टी घेणारा वाघ

"पत्रू, या ब्रह्मपुरी तालुक्यात डोकं असलेले लोकं लय हायेत. पण डोकं चालू असलेला एकच हाये," असं म्हणून देवानंद नान्हे स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचा. डोक्याबद्दल बोलताना बोट छातीवर का, हे पत्रूने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यावरही एक सिद्धान्त ऐकावा लागला असता.

देवानंदच्या दुकानावर पाटी होती. वर मोठ्या अक्षरात ‘आंतरजिल्हा गुप्तहेर’ आणि खाली बारीक अक्षरात ‘कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून मिळतील’. आंतरजिल्हा यासाठी की एकदा त्याने वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात एक हरवलेली शेळी शोधली होती. तो पोहोचला तेव्हा शेळी गोठ्यात बसून रवंथ करत होती. "माझ्या धाकानं परत आली," असा निष्कर्ष काढून देवानंद चहा पिऊन परतला. शेळीने याचा इन्कार केला नाही.

पत्रू काळी-पिवळी प्रवासी जीप चालवायचा. शाळेत देवानंदच्या शेजारी एका बाकावर बसल्याची शिक्षा तो अजून भोगत होता. मेंदूला धार येते म्हणून मध्यंतरी देवानंदने कुठल्याशा पुस्तकात वाचून भात सोडला. धानाच्या पट्ट्यात जन्मलेला माणूस, चौथ्या दिवशी एका लग्नाच्या पंगतीत नुसत्या वासाने चक्कर येऊन पडला. त्याला जीपमध्ये घालून घरी नेलं तेही पत्रूनेच. पुस्तकावर तेव्हापासून देवानंदचा राग होता, पण दोष पुस्तकाचा की वाचणाऱ्याचा, याचा तपास त्याने बासनात गुंडाळून ठेवला होता.

तर मार्च संपता संपता, मोहाची फुलं टपटप गळायला लागली आणि कोसंबटोल्याची कुंता दुकानात आली.

कुंता म्हणजे तळ्यातल्या मासळीवर आणि मोहावर घर चालवणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पोरगी डिंपल नागपूरला नर्सिंग शिकत होती, आणि तिचं वसतिगृह म्हणजे तळ्यापलीकडचे मोह, असा साधा हिशोब होता. मोह पहाटे पडतो. पहाटेच वेचावा लागतो. उन्हं वर आली की गुरं आणि डुकरं खातात, उरलेला मातीत जातो.

"देवानंदभाऊ, पाहाटं पाहाटं वाघ वरडून राह्यला," कुंता म्हणाली. "गावातलं कोणीच मोहाले जात नाई. मी बी नाई गेली. माझा सारा मोह खाली पडून सडून राह्यला. फुलं सरली त माझ्या पोरीचं का करू मी?"

तिचे डोळे भरून आले. पत्रूला गलबलून आलं. या भागात वाघ ही गंमत नाही. मोह वेचायला गेलेली माणसं परत आली नाहीत, अशी घरं दर चार गावांआड आहेत. त्याने लगेच जीपची किल्ली उचलली.

"वनखात्याले सांगतलं का?" त्याने विचारलं.

"सांगतलं जी. त्यायनं कॅमेरे लावले. पण वाघ काई दिसला नाई. आवाज मात्र रोज येते. फक्त आयतवारी येत नाई."

देवानंद खुर्चीवरून उठला. त्याच्या डोळ्यांत पत्रूच्या ओळखीची ती चमक आली.

"आयतवारी येत नाई! पत्रू, ऐकलं का? रविवारी सुट्टी. म्हणजे वाघ सरकारी हाये!"

"भाऊ, वाघ तर सारेच सरकारी," पत्रू म्हणाला.

"पण सुट्टी सारेच नाई घेत!"

कोसंबटोल्यात पोहोचताच देवानंदने समाजमंदिरात सभा बोलावली. गावातला जो तो आला. अध्यक्षस्थानी लहानू गुरुजी. निवृत्त शिक्षक, पांढरंशुभ्र धोतर नाही तर कडक इस्त्रीचा पायजमा, आणि कानात यंत्र. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे त्यांच्यासमोर आजोबासुद्धा पाय जवळ घेऊन बसायचे.

"जय भीम गुरुजी," पत्रू म्हणाला. "तुमचं घर तर तळ्याच्या काठावरच हाये. तुमी आयकला असन ना वाघ?"

"मी रोज पहाटेच उठतो," गुरुजी शुद्ध भाषेत म्हणाले. शाळा सुटली तरी ती सुटली नव्हती. "पण खरं सांगू, मला एकदाही आवाज आला नाही. तरी लोकांचा जीव महत्त्वाचा. पिंजरा लावा, असं मीच निवेदन दिलं आहे."

देवानंद पत्रूच्या कानाशी लागला. "ऐकू येत नाई त्याची साक्ष कायले घ्याची? खोड याले यादीतून."

यादी कुठे होती, कुणास ठाऊक. पण गुरुजी त्यातून खोडले गेले.

मग वाघाचं वर्णन सुरू झालं. चैतू म्हणाला, आधी घशातून ओढल्यासारखा ‘हाऽऽऽ’ येतो, तळ्यावरून घुमत जातो आणि पलीकडच्या पहाडीला आपटून परत येतो. धुरपता आजी म्हणाली, त्याच्यानंतर हसण्याचा आवाज येतो. मोठ्याने, ढेकर दिल्यावर माणूस हसतो तसा.

"हसते?" देवानंदने टिचकी वाजवली. "तरस! वाघ आणि तरस भागीदारीत हायेत. एक भेवाडते, एक हासते. टोळी हाये ही!"

"टोळी करून थे का करन भाऊ?" धुरपताने विचारलं.

"मोह खाईन."

"तरस मोह खाते?"

"भागीदारीत माणूस का का नाई खात, आजी!"

दुसऱ्या दिवशी त्याने सिद्धान्त बदलला. चैतू मोह विकत घेऊन शहरात पाठवायचा आणि त्याच्याकडे लग्नात वाजवायचा मोठा स्पीकर होता. म्हणजे चैतूच मोबाईलमधली डरकाळी स्पीकरवर लावून लोकांना पळवतो आणि सारा मोह एकटाच उचलतो! देवानंदने स्पीकर जप्त केला. चालू करून पाहिला तर त्यातून भीमगीत सुरू झालं आणि चार म्हाताऱ्या टाळ्या वाजवायला जमल्या. चैतू बिचारा म्हणाला, "भाऊ, कोणी वेचतच नाई त मी विकत घेऊ का? मीच त कंगाल होऊन राह्यलो!"

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या चिखलात पंजा सापडला. देवानंदने त्याच्यावर टोपली झाकली, बाजूला काठ्या रोवल्या आणि ‘वाघ लंगडा हाये, डाव्या पायानं’ असं जाहीर केलं. तेवढ्यात चैतूचं लंगडं कुत्रं आलं, टोपली हुंगली आणि तिच्यावर तंगडी वर केली. वनरक्षकाने कॅमेरे तपासले, त्यात रानडुकरं, दोन गाई आणि झुडपात बसलेल्या देवानंदची पाठ निघाली.

"हा पाठमोरा प्राणी कोणता?" वनरक्षकाने विचारलं. पत्रूने मान खाली घातली.

हे सगळं होईतो मोह गळतच होता. संध्याकाळी कुंता तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर येऊन पलीकडे बघत उभी राहायची. वारा आला की तो गोड, आंबूस वास गावात यायचा. "सडला माझा मोह," ती म्हणायची. पत्रूला देवानंदचा असा राग यायचा की त्याला तिथेच उतरवून निघून जावं. पण बाईला शब्द दिला होता.

रविवारी संध्याकाळी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर पत्रूच्या जीपमध्ये सत्यशीलाबाई बसल्या. लहानू गुरुजींची बायको. महिनाभर पुण्याला पोरीच्या, माधवीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. पत्रूने त्यांना वाटेत सगळी हकिगत सांगितली. त्या घाबरल्या. "बाप्पा! आन आमचे हे एकटेच घरी! ऐकू त येत नाई त्यायले!"

सोमवारी पहाटे देवानंद आणि पत्रू पाळीवरच्या पळसाआड दबा धरून बसले. मागे कुंता, चैतू आणि काठ्या घेतलेलं निम्मं गाव. झुंजूमुंजू झालं. तळ्यावर धुकं होतं.

"हाऽऽऽऽऽ!"

आवाज असा आला की पत्रूच्या अंगावर काटा उभा राहिला. पहाडीने तो परत फेकला. देवानंद शेजारी नव्हता. तो पळसाच्या शेंड्यावर होता. तिथे चढायला त्याला लागलेला वेळ पत्रूला कधीच कळला नाही.

मग हसणं आलं. "हा हा हा! हो हो हो!"

आणि त्याच्या पाठोपाठ बादली पालथी झाल्याचा आवाज, आणि सत्यशीलाबाईंचा. "अवो! वेड लागलं का तुमाले? माझा जीव गेला असता ना!"

सगळं गाव गुरुजींच्या घरामागे धावलं. अंगणात, तळ्याकडे तोंड करून, गुडघ्यांवर बसलेले लहानू गुरुजी. डोक्यावरून बायकोच्या बादलीतलं पाणी निथळतंय, जीभ अजून हनुवटीपर्यंत बाहेर. कानातलं यंत्र खिडकीत, डबीत, सुरक्षित. व्यायामात घामाने बिघडतं म्हणून ते काढून ठेवायचे. आणि समोर विटेवर उघडं पुस्तक, ‘उठा, गर्जा, निरोगी व्हा’.

सत्यशीलाबाईंनी यंत्र त्यांच्या कानात कोंबलं आणि गावाचा वाघ म्हणजे तेच, हे सांगितलं. गुरुजी ऐकत गेले, तसतसा त्यांचा चेहरा पडत गेला.

"पण त्यात लिहिलंय," ते पुटपुटले, "सूर्योदयापूर्वी पाण्यासमोर सिंहगर्जना करावी, नंतर मनमोकळं हसावं. रविवारी घशाला विश्रांती. आणि सवय अंगी बाणेपर्यंत कुणाला सांगू नये. मी पुस्तकाच्या शब्दाबाहेर गेलो नाही."

"अवो, थे पुस्तक माधवीनं मले देल्लं होतं!" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मी त्यातलं कोमट पाणी घेतलं, साखर कमी केली, माझे गुडघे हलके झाले. तुमाले हेच पान भेटलं का?"

"पण माझा जुना खोकला गेला," गुरुजी हळूच म्हणाले. आणि ते खरं होतं. सगळ्या गावाला तो खोकला माहीत होता.

कुंता पुढे आली. 

"तुमचा खोकला गेला गुरुजी," ती म्हणाली, "आन माझा मोह गेला."

तिने विटेवरचं पुस्तक उचललं, मागच्या बाजूचा लेखकाचा हसरा फोटो बघितला.

"याच्या गावात वाघ नाई का जी?"

आयुष्यभर दुसऱ्यांना उत्तरं विचारलेल्या गुरुजींनी पुस्तक तिच्या हातातून घेऊन मिटलं. त्यांचे डोळे ओले झाले. "बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "ज्याने लिहिलं त्याने आपलं गाव पाहिलं नव्हतं. मी तर पाहिलं होतं ना."

तेवढ्यात पळसाच्या शेंड्यावरून आवाज आला. "मी पहिल्यापासून म्हणत होतो! रविवारी सुट्टी, म्हणजे मास्तर!" मग जरा थांबून, "पत्रू, शिडी आण बे."

प्रकरण मिटलं, असं वाटलं. पण देवानंदने वाघ, तरस आणि लंगडा पंजा गावात इतका पक्का पेरला होता की दुसऱ्या दिवशी पहाटे मोहाला जायला कुणीच निघेना. "गुरुजीचा एक वाघ झाला, दुसऱ्याचं का?" धुरपता म्हणाली. खरं सापडलं तरी लोकांना सिद्धान्तच जास्त खरा वाटत होता.

शेवटी कुंता निघाली. तिच्यासोबत टोपली घेऊन गुरुजी, कानात यंत्र घालून. मागून पत्रूची जीप, आणि तीत ‘संरक्षणासाठी’ देवानंद. झाडांना अजून बरीच फुलं होती. पिवळीधमक, ओली फुलं खाली अंथरली होती. कुंता वाकली, पण हात पुढे जाईना. पान वाजलं तरी ती दचकत होती. ती मागे वळली.

"गुरुजी," ती म्हणाली, "एक डाव वरडा ना जी. लयच सुनं वाटून राह्यलं. मोठ्यानं, जनावर असन थे पळून जाईन."

गुरुजींनी पत्रूकडे बघितलं, सत्यशीलाबाई जवळपास नाहीत याची खात्री केली, जीभ बाहेर काढली आणि गर्जले. पहाडी घुमली. मागे जीपचं दार धाडकन बंद झालं आणि आतून कडी लागली.

कुंता खळखळून हसली, आणि हसत हसतच वेचायला लागली.