डॉक्टरांनी बदललेलं ऑइल

दातांचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला बजावत, "दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी यायचं. दुखायला लागल्यावर येऊन काय उपयोग?" आपल्या गाडीच्या इंजिनचं ऑइल मात्र त्यांनी दोन वर्षांत बदललं नव्हतं. कारण गाडीचं काही दुखत नव्हतं.

"पुस्तकात लिहिलंय, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते," बायको म्हणाली. ती गणिताची शिक्षिका होती, आणि गाडीचा आकडा बावीस हजारांवर गेलेला तिला दिसत होता.

"पुस्तक छापलं कोणी? गाडीवाल्यांनीच ना? ते तसं म्हणणारच."

"आणि तीन महिन्यांनी ब्रश बदला, असं कोण म्हणतं?"

डॉक्टरांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

पण सोमवारी अकरा वाजता तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती, संस्थेच्या कचेरीत, चाळीस किलोमीटरवर. या जागेची ती नऊ वर्षं वाट बघत होती. आणि आठवडाभर इंजिन खरखरत होतं. शेवटी डॉक्टरांनी मेकॅनिकला फोन केला.

"ऑइल पार काळं, घट्ट झालं असणार," मेकॅनिक म्हणाला. "इंजिनची सगळी घाण तेच पोटात घेतं. मंगळवारी आणा."

मंगळवारचा काय उपयोग? डॉक्टरांनी विचार केला. एक बोल्ट काढायचा, जुनं खाली सोडायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. आपण रोज अक्कलदाढा काढतो. गाडीला तर भूलही द्यावी लागत नाही.

रविवारी सकाळी मास्क, हातमोजे आणि कपाळावर दिवा लावून ते गाडीखाली शिरले. बायको बाहेर पान्हे घेऊन उभी राहिली. बोल्ट घट्ट होता. "जरासं दुखेल हं," डॉक्टर सवयीनं गाडीला म्हणाले आणि त्यांनी हिसका दिला.

खाली ठेवलेल्या घमेल्यात धार लागली. लालचुटुक, स्वच्छ, सरबतासारखी.

"बघ!" गाडीखालून विजयी आरोळी आली. "दोन वर्षं झाली, तरी काय रंग आहे! आणि तो म्हणे काळं!"

"मग बदलताय कशाला?"

"आता काढलंय तर बदलू."

त्यांनी बोल्ट लावला आणि वरून चार लिटर नवं ऑइल ओतलं. "इंजिनची पट्टी काढून ऑइलची पातळी बघा की," बायको म्हणाली. "चार काढलं, चार घातलं. गणिताच्या बाईंना हे मी समजावून सांगायचं का?" डॉक्टर म्हणाले.

सोमवारी गाडी निघाली ती दुसऱ्या सिग्नलपर्यंत गेली. तिथे इंजिननं जोरात गर्जना केली, मागून धुराचा लोट काढला, आणि गाडी होती तिथेच राहिली. डॉक्टर पाय दाबतील तसं इंजिन ओरडे, चाक हलत नसे. मागचे लोक हॉर्नवर बसले. बायकोनं मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक तिचा जुना विद्यार्थी होता. दहा मिनिटांत बंद गाड्या ओढून नेणारी टोचनवाली गाडी घेऊन आला.

त्यानं पट्टी काढून बघितली, मग वाकून खाली बघितलं. "लाल निघालं होतं का?"

"अगदी स्वच्छ," डॉक्टर म्हणाले.

"ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. त्याशिवाय चाक फिरत नाही. तिकडचं काढलंत आणि इकडे भरलेल्या इंजिनमध्ये आणखी ओतलंत. डॉक्टर, किडलेला दात ठेवून शेजारचा चांगला उपटलात की हो!"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच पेशंटच्या खुर्चीत बसल्यासारखा आ वासला.

"गाडीचं नंतर बघ," बायको म्हणाली. "आधी मला कचेरीत सोड."

"बाई, माझ्या गाडीत? सगळीकडे तेल आहे."

"सोड म्हटलं ना!"

सातवीतला आवाज ऐकून त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. डॉक्टरांना सिग्नलपाशी गाडी राखायला ठेवून दोघं गेली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना ती मुलाखतीच्या खोलीत शिरली. समोर संस्थेचे अध्यक्ष आणि दोन सभासद. अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्या फाइलकडे बघितलं. फाइलवर तेलाचा पंजा उमटला होता.

"शाळेची प्रमुख व्हायला आलात, आणि हे काय?"

नऊ वर्षं पाण्यात, तिला वाटलं. आता लपवून काय मिळणार? तिनं सगळं सांगून टाकलं, अक्कलदाढेपासून गिअरबॉक्सपर्यंत. दोन्ही सभासद डोळे पुसत हसत होते. अध्यक्ष हसत नव्हते. ते तिच्याकडे एकटक बघत होते.

"तुम्ही दोघं चहा घेऊन या," ते सभासदांना म्हणाले. दार लागल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"लाल म्हणजे... कसं लाल? सरबतासारखं?"

"हो."

"आणि गाडी नुसती ओरडते? जागची हलत नाही?"

"हो, सर."

अध्यक्षांनी चष्मा काढून सावकाश पुसला. खिडकीखाली आवारात त्यांची गाडी शुक्रवारपासून उभी होती. बॅटरी गेली, असं त्यांनी सगळ्या संस्थेला सांगितलं होतं.

"तुमची नेमणूक झाली असं समजा," ते हळूच म्हणाले. "आणि त्या मेकॅनिकला सांगा, मागच्या फाटकानं ये म्हणावं."