पहिल्या पंगतीतली नटी

केनवडात कुणाचीही तेरवी असो, पहिल्या पंगतीतलं पहिलं पान कौतिकाबाईंचं. बोलावणं असो वा नसो. ऐंशी पार केलेल्या बाई काळा गॉगल आणि लाल ओठ घेऊन येतात आणि उजवा गाल लोकांकडे करून बसतात. डावा म्हणे कॅमेऱ्याला चालत नसे. वाढणाऱ्या पोरांचा जीव टांगणीला लागतो. भाजी जमली तर बाई "ओके!" म्हणतात. नाही जमली तर साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "कट! वापस ने."

बाई माझ्या शेजारीण. काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या जमान्यात त्या मुंबईला पळून गेल्या आणि पडद्यावर खाष्ट नणंद झाल्या. नायिकेच्या दुधात विष कालवायचं ते यांनीच, आणि शेवटी मरायचंही यांनीच. आमच्या आईने सिनेमाच्या तंबूत बसून यांच्या नावाने कडाकडा बोटं मोडली होती. पुढे त्या शेजारी राहायला आल्या, तरी आई बरीच वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायली नाही.

"पडद्यावर लय खेपा मेली मी," बाई सांगतात, "पण पह्यल्यांदा मारलं ते बापानं."

खोटं नाही. पोरगी सिनेमात गेली म्हणून बापाने तिची जिवंतपणी तेरवी घातली. गाव पोटभर जेवलं. कामं मिळेनाशी झाली तेव्हा बाई परतल्या आणि मुद्दाम धाकट्या भावाच्या, गुलाबरावांच्या, घरासमोर खोली घेऊन राहिल्या. बापाचा शब्द म्हणून भाऊ कधी बोलला नाही. बाईही रोज सकाळी नटूनथटून त्याच्या दारासमोर खुर्ची टाकत राहिल्या.

"लोकांच्या तेरवीले काहून जाता हो?" मी एकदा विचारलं.

"माह्या तेरवीचं साऱ्या गावानं खाल्लं, मलेच भेटलं नाही. आता खाऊन राह्यली."

मागच्या उन्हाळ्यात गुलाबराव गेले. भाचा येऊन बजावून गेला, "आत्या, आमच्या घरी तुमी कवाच्याच मेल्या. तेरवीले येऊ नका."

"मेलेल्या माणसाले कोणी अडवते काय?" बाई म्हणाल्या.

भर मांडवात त्यांना हात धरून उठवतील, या धास्तीने मी पंगतीत त्यांच्या शेजारचं पान धरलं. बाई आल्या. गॉगल नव्हता, लाली नव्हती. भाचा धावत आला.

"पंगतीत बसलेल्याले उठवते का कोणी?" बाईंनी मान वर करून विचारलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. भाच्याचा नाइलाज झाला.

पान वाढलं. वांग्याची भाजी, कढी, बुंदी. बाईंनी कशालाच हात लावला नाही. ओके नाही, कट नाही.

"घ्या ना, बाई," मी हळूच म्हटलं.

"माह्या तेरवीले गुलाब येवढासा होता. बुंदी त्याच्या जिवाची. पण एक दाणा खाल्ला नाही. 'माही बहीण मेली नाही' म्हणे, अन् बापाचा मार खात पानापुढं बसून राह्यला. मायनं मागून चोरून सांगितलं मले."

बाई भरल्या पानापुढे ताठ बसून होत्या.

पंगत उठली. भाच्याने सगळं ऐकलं असावं, कारण तो स्वतः तांब्या घेऊन आला.

"आत्या, हात धुवा."

"कायले धुवू? मी जेवलीच नाही," बाई म्हणाल्या. "माहा भाऊ मेला नाही."