एकशे त्रेचाळीस नंबरचा सभासद

मी कंपनीत रुजू झालो त्याच सकाळी केरबा खोत माझ्या टेबलापाशी आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "परसादराव, एकशे बारा नंबरची म्हैस व्यालीया. आठ दिस दूध न्हाय यायचं. तुमचं काम तेवढं फुडं ढकला."

मी इंजिनियर माणूस. अशा प्रसंगी काय बोलावं हे कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. म्हणून मी अभिनंदन केलं आणि रेडा झाला की रेडी, असंही विचारलं.

"रेडी," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मला आपला मानलं.

ती म्हैस कुठल्याही गोठ्यात नव्हती, आमच्या संगणकात होती, हे मला दुपारी कळलं. तोवर मी घरी फोन करून, ऑफिसात खरवस मिळण्याची शक्यता आहे असं सांगून बसलो होतो.

आमची कंपनी खेड्यांतल्या दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सभासद दूध घेऊन येतो, ते मोजायचं, फॅट बघायची, पावती द्यायची. गावाला देण्याआधी ते नीट चालतं का बघावं लागतं आणि त्यासाठी खोटे सभासद भरावे लागतात. जगभरात हे काम करणारे लोक 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' अशी नावं टाकून मोकळे होतात. केरबांनी दोनशे चौदा माणसांचं अख्खं गाव भरलं होतं. प्रत्येकाला नाव, बापाचं नाव, आडनाव, म्हशी किती, गाभण कुठली, आटलेली कुठली. दर सकाळी ऑफिसात आल्यावर ते या सगळ्यांचं दूध घेत आणि मगच चहा पीत.

नव्या पोरांनी एकदा 'एबीसी' नावाचा सभासद भरला. केरबा त्यांच्यामागं जाऊन उभे राहिले.

"ह्या एबीसीच्या गोठ्यात म्हशी किती?"

"सर, हा फक्त टेस्ट डेटा आहे."

"मग दूध कोण घालतंय? तुमचा मास्तर?"

हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. पण त्यांच्या गावात शंकर धोंडी पाटील नावाची दोन माणसं होती, एक वरच्या आळीचा आणि एक खालच्या. आमचं सॉफ्टवेअर वरच्याचं दूध खालच्याच्या नावावर टाकतं, हे त्यांनीच पकडलं. एबीसीला ते कधीच पकडता आलं नसतं.

मी आलो तेव्हा आम्ही अकरा जण होतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर तीन खोल्या. पेशंट चुकून वर यायचे. केरबा त्यांना पाणी द्यायचे, कुठं दुखतंय ते विचारायचे आणि खाली पोचवून यायचे. तीन वर्षांत आम्ही सव्वाशेवर गेलो. काचेची इमारत आली, दारात कार्ड लावल्याशिवाय दार उघडेना. कंपनी इतक्या वेगानं वाढत होती की नुसता जागेवर बसून राहिलेला माणूसही वर जायचा. मी तसाच गेलो. आधी सीनियर, मग लीड, आणि एका सोमवारी येऊन बघतो तर मॅनेजर. काय मॅनेज करायचं ते कुणी सांगितलं नाही आणि अज्ञान उघडं पडेल म्हणून मीही विचारलं नाही.

जुन्या अकरातले सहा सोडून गेले. दर शुक्रवारी कुणाचा तरी निरोपाचा केक असायचा. कोण चाललंय हे मी केकवर वाचायचो.

रोज सकाळी उभं राहून घ्यायची मीटिंग सुरू झाली. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढं तीन वाक्यांत सांगायचं. केरबांची पाळी आली की ते म्हणायचे, "काल दोन्ही वेळचं दूध घेटलं. आज बी घेणार. अडचण म्हंजी पांडूतात्याचा गुडघा." नव्यांना वाटायचं पांडूतात्या बंगळूरच्या टीममध्ये आहेत.

एकदा नवा नियम आला: महिनाभर दूध न घातलेला सभासद यादीतून आपोआप बाद. केरबा थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले. आमचे मालक अभिजित. कंपनी काढली तेव्हा त्यांना डेअरीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून एका दूध संस्थेत लिहायला असलेल्या केरबांना त्यांनी पहिला नोकर म्हणून आणलं होतं.

"अभिजितराव," दार उघडंच होतं, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "दूध थांबलं म्हंजी माणूस संपला काय?"

नियम मागे घेतला गेला. तेव्हा अजून केरबांचं ऐकत असत.

मग बाहेरच्या राज्यातलं मोठं काम आलं आणि सर्व्हरवरचा कचरा काढायची जबाबदारी माझ्यावर आली. ज्यांना काही ठेवायचं असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, असा मी सगळ्यांना मेल टाकला. केरबा मेल उघडत नाहीत हे मला माहीत होतं. "म्हत्त्वाचं असलं तर माणूस टेबलापाशी यील की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं टेबल माझ्यापासून चाळीस पावलांवर होतं. मी गेलो नाही.

सोमवारी 'केरबा_गाव' असं नाव यादीत दिसलं तेव्हा बोट क्षणभर थांबलं. पण मी त्यांच्यासाठी एक भेट तयार ठेवली होती: एका मिनिटात दहा हजार खोटे सभासद बनवणारा प्रोग्रॅम. मी गाव उडवलं. मागे काही राहू नये म्हणून त्याची जुनी प्रतही शोधून उडवली. आयुष्यात मला नीटनेटकेपणा एकदाच सुचला, तो हा.

मंगळवारी केरबा आले. "परसादराव, गाव दिसत न्हाय."

मी हौसेनं माझे दहा हजार दाखवले. त्यांनी बराच वेळ यादी खाली सरकवली.

"ही कुठली माणसं?"

"कुठलीच नाहीत. मशीननं बनवलीत."

"आणि माझी?"

"काढली. मेल टाकला होता की, केरबाअण्णा."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "व्हय. मेल," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. कोल्हापुरात माणूस ओरडला तर चिंता नसते. हे ओरडले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी ती चाळीस पावलं गेलो. डबा समोर बंद होता.

"ते गाव हुतं ओ," केरबा डब्याकडं बघत म्हणाले. "शाहूवाडीत, वर डोंगरात. धरणात गेलं. मी बावीस वर्सांचा, तितल्याच डेअरीत लिवायला हुतो. सकाळी दुधाला जी रांग लागायची, तेच नंबर. मग लोकास्नी चार ठिकाणी वाटलं. रांग काय परत लागली न्हाय."

"पण तुम्हाला दोनशे चौदा नावं पाठ कशी?"

"मला कुठली पाठ? आईला हुती. रोज घरी गेलो की इचारायचो, सत्त्याण्णवच्या मागं कोण उभं ऱ्हायचं? ती सांगायची, म्हशीसकट."

"मग आता परत विचारू या की त्यांना."

"आई गेली की. दोन वर्सं झाली."

मला आठवलं. त्यांचा रजेचा अर्ज माझ्याकडंच आला होता. मी 'मंजूर' दाबलं होतं. कारण वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सुट्टीत ते सांगायचे आणि मी टाइप करायचो. ते डोळे मिटून रांग उभी करत. "एकाहत्तर, हौसाबाई. किटली वाकडी. तिच्या मागं तिची जाऊ, पर दोघी बोलत न्हाईत." एखादं नाव अडलं की आधीच्या दहा जणांना पुन्हा उभं करत आणि धक्क्यात अकरावा बाहेर येई. चार ठिकाणच्या म्हाताऱ्यांना फोन झाले. दोन महिन्यांत दोनशे तेरा जमले.

एकशे त्रेचाळीस मिळेना.

"फुडं बाळू मिस्त्री, मागं रंगराव. मधी कोणतर हुतं. पायात काय न्हाय. हातात पितळंची चरवी. त्वांड तेवढं दिसत न्हाय."

"मग रंगरावांना एक नंबर पुढं घेऊ या," मी मॅनेजरसारखा बोललो.

केरबांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजी त्याच्या मागली सगळी चुकीच्या जागी उभी ऱ्हातील."

एव्हाना तपासणीचं काम मशीनकडं गेलं होतं. केरबांना 'मार्गदर्शक' असं नाव मिळालं, टेबल तेच राहिलं. मार्ग विचारायला तिकडं कुणी फिरकत नव्हतं. ते सकाळी यायचे, गावाचं दूध घ्यायचे, चहा प्यायचे. मग दिवसभर एकशे त्रेचाळीस आठवत बसायचे.

एके दिवशी मी सहज ती यादी उघडली. एकशे त्रेचाळीसवर माझं नाव होतं. म्हैस एक. सकाळचं दूध एक लिटर. फॅट अगदी कमी.

मी उठून त्यांच्याकडं गेलो.

"जागा मोकळी ठिवली की फुडचा-मागचा सरकाय लागत्यात," ते वर न बघता म्हणाले. "कुणीतर उभं ऱ्हायाला पायजे."

"आणि खरा माणूस आठवला तर?"

"तवा तुम्ही बाजूला व्हायाचं."

"ते ठीक. पण फॅट एवढी कमी?"

"पाणी घालताय न्हवं तुम्ही," केरबा म्हणाले. मग जरा थांबून, "एक लिटर तर एक लिटर. रोज यायचं मातूर. खाडा करायचा न्हाय."

तेव्हापासून कार्ड लावून आत आलो की मी आधी ती चाळीस पावलं चालतो आणि बाळू मिस्त्रीच्या मागं उभा राहतो. केरबा माझं एक लिटर लिहून घेतात, आणि मग पुढं म्हणतात, "रंगराव, या."