नटावरची गुलाबी रेघ

हत्यारांच्या पेटीत नेलपॉलिशची बाटली! सांगून कुणाला खरं वाटेल? पान्यांच्या मांडीला मांडी लावून, ग्रीसच्या डब्याला टेकून फिकट गुलाबी बाटली कशी ऐटीत बसलेली! ती दिसली की मालकीणबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याच्या माघारी अकरा वर्षं त्यांनी एकटीनं गॅरेज चालवलं, पण नखं कधी रंगवली नाहीत. नखांत काळं तेल, तोच त्यांचा रंग!

आणि ही सून! सहा महिन्यांत गिऱ्हाइकं हिची झाली. पूर्वी गाडी दारात लागली की हाक यायची, "मावशी, आहात का?" आता काय, तर "वहिनी आहेत का?" मावशी समोर खुर्चीत ढळढळीत बसलेल्या असताना! जणू खुर्चीवर टाकलेलं पोतंच.

म्हणून बाईंनी गुपचूप एक नेम धरला होता. संध्याकाळी सून हात धुवायला गेली की नवऱ्याचा जुना स्क्रूपाना उचलायचा आणि तिनं आवळलेल्या प्रत्येक नटाला वरून एक पीळ द्यायचा. पान्याचा जबडा ढिला, तो नटावरून घसरायचा. पण बाई कुठल्या घसरायला! "पोरीच्या मनगटात दम तो किती? चाक निसटून गावभर पळालं, तर नाव माझं जायचं!"

एके सकाळी पाववाल्याची गाडी लंगडत आली. मागचं चाक पंक्चर, आत दोनशे पाव, आणि दहाच्या सुट्टीला ते शाळेत पोचायला हवेत.

"वहिनी आहेत का?"

"मी काय भिंतीवरचा फोटो आहे का रे?"

"तसं नाही मावशी! घाईत इथं दारातच चार नट कसेबसे काढले, पाचवा ढिम्म हलत नाही. गेल्या महिन्यात मागची दोन्ही चाकं वहिनींनीच बसवलेली, म्हणून विचारलं."

सुनेचं काम, आणि तेही अडलेलं! बाईंना गुदगुल्या झाल्या. वाकून बघितलं, तर नटाचे कोपरे झिजून त्याचं पार बोर झालेलं. तेवढ्यात सून आतून आली.

"तू लांबच राहा," बाई कडाडल्या. "हा नट मी काढणार. नाही निघाला, तर हत्यारांच्या कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला!"

बोलून गेल्या आणि त्यांचाच हात कमरेकडे गेला. पण पाववाल्यानं ऐकलं होतं. आता माघार कसली?

त्यांनी पाना लावला, जोर केला. गर्रकन फिरला! पाना. नट जागच्या जागी. तेल सोडलं. नट तेल पिऊन जास्तच सुस्तावला. मग पान्याला हातभर नळी अडकवून बाई तिच्यावर लोंबकळल्या. गाडी डोलली, मागचं दार उघडलं आणि पाव टपाटप जमिनीवर!

"माझे पाव!"

"पावांचं काय घेऊन बसलास? इथं माझी अब्रू चाललीय! छिन्नी आण!"

छिन्नी टेकवली, हातोडी घातली. नट हसला असावा. छिन्नी जी उडाली ती थेट बाईंच्या खुर्चीच्या गादीत रुतली. भुसकन कापूस बाहेर!

"आई, मी बघू का?" सून हळूच म्हणाली.

बाई हातोडी टाकून बाजूला सरकल्या. सुनेनं नटावर टोपीसारखी बसणारी गोटी घेतली, मापापेक्षा एक नंबर लहान. ती हातोडीनं नटावर ठोकून घट्ट बसवली, लांब दांडी लावली आणि झटका दिला. कट्ट! नट सुटला.

"वाः वहिनी! हात वेगळाच आहे!" पाववाला ओरडला.

अगदी हेच शब्द बाईंनी अकरा वर्षं ऐकले होते. ते आता दुसरीच्या पदरात पडले!

"वेगळाच तर! म्हणून तर नट असा जाम करून ठेवला!"

सून दुसऱ्या चाकापाशी बसली, फडक्यानं नट पुसले. "आई, नट आवळून झाला की मी नेलपॉलिशनं नटावरून चाकावर रेघ ओढते. नट हलला की रेघ तुटलेली दिसते." चाकावरची गुलाबी रेघ एकीकडे, नटावरची पुढं सरकलेली. पाचच्या पाच! "माझ्यानंतर कुणीतरी आणखी आवळलेत."

"कुणी?" पाववाल्यानं विचारलं.

सुनेनं स्क्रूपान्याकडे पाहिलं. बाई कापूस गोळा करायला लागल्या.

"वारा सुटतो हो संध्याकाळचा," सून म्हणाली.

चाक बदलून झालं, पाव झटकून पाववाला गेला. बाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि सुनेच्या तळहातावर आपटली.

"घे! हात आहे तुला, मान्य. पण अक्कल नाही! असली फिकट रेघ या वयात दिसते का कुणाला? उद्या लालभडक बाटली आण, म्हणजे संध्याकाळच्या वाऱ्याला दिसेल तरी!"